जुन्या डिस्कवरची माणसं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

नवी नोकरी, नवी डायरी आणि डब्यात आईनं दिलेली मेथीची भाजी. सुरुवात तर झकास झाली! भांडुपहून चारकोपला यायला बस बदलावी लागते, पण कॉल सेंटरचे सर्व्हर रात्र रात्र जागून सांभाळल्यावर आता उजेडात घरी जायला मिळणार, या आनंदात मी चालतसुद्धा आले असते.

कामाची जागा म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. एका बाजूला बटणांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला खाकऱ्यांचा, त्यामुळे दिवसभर भाजक्या पिठाचा वास येत राहतो. आमच्या गाळ्यात लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी येतात. लग्नं, बारशी, साठीशांती. त्या आम्ही डीव्हीडीवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून देतो आणि एक प्रत आमच्या सर्व्हरवर ठेवतो. गिऱ्हाइकाकडची हरवते, आपल्याकडची हरवत नाही, हे मालकांचं ब्रीदवाक्य. ते सर्व्हर सांभाळायचं काम माझं.

मालक म्हणजे दत्ताराम काका. मूळचे कणकवलीकडचे, साठी उलटलेली, लग्न केलेलं नाही. तरुणपणी स्वतः शूटिंग करायचे. एकदा ऐन वेळी कॅमेरा बंद पडला, तर नवरा-नवरीमध्ये अंतरपाट पुन्हा धरायला लावला म्हणे! ते भटजी अजून बोलत नाहीत त्यांच्याशी. मला 'चेडवा', म्हणजे पोरी, म्हणतात. दुपारी चहाला बाहेर गेले ते मोगऱ्याचा गजरा घेऊन आले आणि पुड्यासकट टेबलावर ठेवून दिला. देवाला वाहिला नाही, कोणाला दिला नाही. कोणासाठी हो काका, म्हणून चिडवलं, तर म्हणाले, सवय गो, सोमवारी घेतल्याबगर बरा वाटत नाय. म्हाताऱ्याचं कुठंतरी सूत जुळलेलं दिसतंय. मला काका आवडले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सर्व्हर युनिक्सचा आहे, म्हणजे माझ्या माहेरचाच. आत दोन डिस्क. एक नवी आणि दुसरी, जिला सगळे 'एक नंबर' म्हणतात, ती गाळा सुरू झाला तेव्हापासूनची. जुनी लग्नं सगळी तिच्यावर.

मशीन जे जे करतं ते लॉगमध्ये लिहीत जातं. नव्या जागी गेलं की आधी लॉग वाचायचा, ही माझी खोड. इथला लॉग संशय यावा इतका स्वच्छ होता. शोधाशोध केल्यावर कळलं की माझ्या आधीच्या माणसानं डिस्कचे इशारे लॉगमध्ये येणारच नाहीत अशी तजवीज करून ठेवली होती. म्हणजे घरात धूर झाला की नाक दाबून बसायचं! मी इशारे चालू केले. शिवाय दर रविवारी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तपासायचं काम लावून दिलं. अशी तपासणी इथं कधी झालीच नव्हती.

काकांना मोठ्या कौतुकानं दाखवायला गेले, तर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "एक नंबर झोपलेली आसा गो, तिका कित्याक उठवतस?" इशारे त्यांनीच बंद करायला सांगितले होते, पण का ते त्यांना आठवत नाही. मग नारळ आणून सर्व्हरपुढे गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या हातान काय चूकभूल झाली तर सांभाळून घे. "होय म्हाराजा" म्हणायला शेजारच्या बटणवाल्यांना बोलावलं होतं. मीही त्यांच्यात उभी राहून म्हटलं. खोबरं गोड होतं.

संध्याकाळी काकांना विचारून आमच्या घरची कॅसेट उतरवून घेतली. चैतन्यची. चैतन्य माझा धाकटा भाऊ. दोन पावसाळ्यांपूर्वी डेंग्यूनं गेला, चोवीस वर्षांचा होऊन. बाबा तर आम्ही शाळेत असतानाच गेले, त्यामुळे घरात आता मी आणि आई. चैतन्यचे फोटो ढीगभर आहेत, पण लहानपणचा हलताबोलता तो एवढाच. एक नंबरवर थोडी जागा मोकळी होती, तिथं ठेवला. एक प्रत लॅपटॉपवर घेतली.

सोमवार, १० नोव्हेंबर

काल आईला व्हिडिओ दाखवला. चौदा एप्रिलची मिरवणूक, चैतन्य दहा वर्षांचा. सुरुवातीला आई त्याला निळा फेटा बांधतेय आणि तो अंगात मुंग्या शिरल्यासारखा वळवळतोय. मग मिरवणुकीत तो नाचतो आणि शेजारी मी, तेरा वर्षांची, लाजेनं खांबासारखी उभी. शेवटी तो माझा हात धरून मला आत ओढतो. आईनं पुन्हा पुन्हा लावायला लावलं. रडली, हसली, परत रडली. तशी ती रोज जेवताना त्याचा विषय काढतेच, त्याला हे आवडायचं, ते आवडायचं नाही. कधीकधी मला ते ऐकवत नाही आणि मी ताट घेऊन उठते. काल उठले नाही. दोघी मिळून रडलो आणि मग कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

आज लॉगमध्ये पहिला इशारा दिसला. मराठीत सांगायचं तर असा: एक नंबर डिस्क, एक सेक्टर वाचता आला नाही, पेंडिंग एक. सेक्टर म्हणजे डिस्कवरची चिमूटभर जागा. पेंडिंग म्हणजे डिस्कला ती जागा वाचता येत नाही, पण तिनं आशाही सोडलेली नाही. पुन्हा पुन्हा वाचायला लावलं तर एखादे वेळी वाचेलही. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र जुनं कायमचं गेलं. म्हाताऱ्या डिस्कचे गुडघे दुखायचेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कोणत्या सेक्टरवर कोणती फाइल आहे ते शोधता येतं. शोधलं. खारदांड्याच्या विमलाबाईंचं लग्न, नवऱ्याला हार घालतानाचा तुकडा. त्यांच्याकडे डीव्हीडी आहेच, तेव्हा काळजी नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

विमलाबाईंची मुलगी मीरा डीव्हीडी घेऊन गाळ्यावर आली. मला वाटलं भांडायला आली. ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

तिचे वडील जाऊन वर्ष होत आलं. रविवारपासून तिची आई त्यांना ओळखत नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारते, हा कोण माणूस, आपल्या घरात का लावलाय. बाकी सगळं आठवतं. पापलेटचा भाव, नातवाची शाळा, कोणाशी कधी भांडण झालं ते. फक्त नवरा नाही. मीरानं घाबरून लग्नाची डीव्हीडी लावली. डीव्हीडी अगदी नीट चालते, हार घालतानाचा तुकडाही त्यात आहे. विमलाबाईंनी तो पाहिला आणि मुलीला विचारलं, मी या परक्या माणसाला हार कशाला घालतेय?

मीराला मात्र वडील आठवतात. ती त्या तुकड्यात कुठून असणार, तेव्हा जन्मलीच नव्हती. जाताना तिनं विचारलं, तुमच्याकडे त्या कॅसेटला काही झालं का हो? मी म्हटलं, छे, काही नाही. ती गेल्यावर मी लॉग पुन्हा उघडला. इशाऱ्याची वेळ रविवारच्या तपासणीचीच होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डोकं सांगत होतं, योगायोग आहे. म्हणून खात्री करायला तो एक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला लावला. डिस्क आतून टकटक करायला लागली. काका उठून बाहेर जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं लॉगमध्ये आलं: वाचला. पेंडिंग शून्य.

चहा संपायच्या आत मीराचा फोन. तिच्या आईला आठवलं. नुसतं आठवलं नाही, नवरा आत्ता गेल्यासारखा त्यांनी टाहो फोडला, आळीतली माणसं धावत आली. अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा आई अशी रडली नव्हती, असं मीरा म्हणत होती. पण शेवटी म्हणाली, जाऊ दे गं, माझी आई परत आली.

म्हणजे खरं आहे. वाचता न येणाऱ्या तुकड्यात जी माणसं शेजारी शेजारी आहेत, ती एकमेकांना विसरतात. घरातल्या प्रतीचा काही उपयोग नाही. का, ते मला माहीत नाही. शिकलेलं सगळं इथं पालथं पडलं.

रविवारची तपासणी बंद केली. फार उशिरा. म्हातारी डिस्क आधी हळूच उतरवून घ्यायची असते, तपासायच्या नावाखाली रगडायची नसते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी आल्या आल्या शहाणपणा दाखवायला गेले आणि तिला जागं केलं. आज पुन्हा तेच, एक सेक्टर वाचवताना आजूबाजूचे झिजवले. आजूबाजूला काय आहे ते बघायचा धीर होईना. शेवटी पाहिलं. भांडुप, चौदा एप्रिल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी लॉगमध्ये: पेंडिंग एक. फाइल आमची. आई फेटा बांधते तो तुकडा.

लॅपटॉपवरची प्रत लावून पाहिली. फेटा दिसतो, आई दिसते, सगळं जागच्या जागी. तरी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पळाले. आई पोहे करत होती, गाणं गुणगुणत. तो जाऊन दोन वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदा. भिंतीवर चैतन्यच्या फोटोची जागा रिकामी होती. फोटो कुठंय विचारलं, तर तिनं कपाटाकडे हात केला. म्हणाली, कोणाच्या तरी पोराचा फोटो आपल्याकडे राहिलाय गं, हारसुद्धा घातलाय, त्याच्या आईला नेऊन दे, ती माउली शोधत असेल.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

इथं तरी खरं लिहावं. इतके दिवस मी काही केलं नाही, कारण आई सुखात आहे. पोटभर जेवते, शेजारणीबरोबर बाजारात जाते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते. सहा डिसेंबरला आमच्या वस्तीतर्फे दादरला पाणी वाटतात, त्याच्या बैठकीलाही जाऊन आली. तिथं कोणीतरी विचारलं, यंदा खोकी उचलायला कोण? ती म्हणाली, दरवर्षी उचलतो तोच. कोण तो, ते तिला सांगता आलं नाही, आणि बाकीचे मान खाली घालून बसले.

विमलाबाईंसारखा टाहो पुन्हा आईच्या नशिबी का आणायचा? तिनं तो एकदा भोगलाय. राहू दे असंच, असं वाटतं. पण जेवताना आता त्याचा विषय निघत नाही. जे मला ऐकवत नव्हतं, त्यासाठी मी ताटावर वाट बघत बसते. आमच्या घरात चैतन्य उरला तो माझ्यापुरता. आणि माझा तुकडा, तो नाचाचा, तिच्या तुकड्याला लागूनच आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काकांनी गजरा आणून टेबलावर ठेवला. आज पाहिलं, त्यांचा हात पुड्यावर तसाच राहिला होता आणि डोळे भरले होते. विचारलं, तर म्हणाले, दर सोमवारी असाच होता, डॉक्टरांका दाखवलंय, काय एक नाय.

मला काहीतरी सुचलं आणि नको ते केलं. इशारे बंद करण्याआधीचा जुना लॉग काढला. त्यात एकच इशारा, एकच सेक्टर. पुढे कधीतरी त्यावर दुसरं काही लिहिलं गेलंय, म्हणजे तो आता परत येणार नाही. फाइल काकांच्याच नावाची. लग्नाची. लावली, तर मध्येच चित्र गोठतं आणि पुढे चालू होतं. तरुण दत्ताराम, शेजारी मुंडावळ्या बांधलेली एक हसरी बाई, तिच्या केसांत मोगरा.

काका मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ह्यो तर मीच. पण ही कोण गो?" आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. ती आज हयात आहे की नाही, हे कोणाला विचारायचं तेही त्यांना ठाऊक नाही.

म्हणजे दुःख जात नाही, त्याचं नाव तेवढं जातं. मी काकांना चहा करून दिला. त्यांनी तो घेतला नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आईलाही सुरू झालं. तिन्हीसांजेला दार उघडून उभी राहते. जास्तीची भाकरी थापते आणि मग तिच्याकडेच बघत बसते. मध्येच रडते. का रडतेस म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघते, मला माहीत असेल म्हणून.

सांगितलं. फोटो पुढे धरला, आई, हा तुझा मुलगा, चैतन्य. तिनं कानांवर हात ठेवले. म्हणाली, पोर गेलेलं मला आठवणार नाही, एवढी कसली मी आई? मग रागानं दुसऱ्या खोलीत गेली. तिथूनही रडण्याचा आवाज येत होता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ठरलं. तिचा तुकडा वाचायला लावणार. मुलगा तिचा आहे, त्याचं दुःखही तिचंच. मी कोण ते काढून घेणारी?

फेटा आणि नाच लागून आहेत. एक ओढून काढताना दुसरा — माहीत आहे मला.

काकांना सांगितलं. ते नारळ घेऊन सर्व्हरपुढे उभे राहिले आणि गाऱ्हाण्याचे शब्दच सुचेनात त्यांना. नुसतेच हात जोडून उभे.

शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळ

सुरू केलं. टकटक चालू आहे. वाचता आला नाही, पुन्हा प्रयत्न. वाचता आला नाही, पुन्हा प्रयत्न. लॉग भराभर वर सरकतोय.

विसरायच्या आधी लिहून ठेवते. माझा भाऊ चैतन्य. डाव्या भुवईवर टाक्यांची खूण, सायकलवरून पडला होता. वडा वेगळा, पाव वेगळा खायचा, एकत्र केला तर रुसायचा. मला ताई कधीच म्हणाला नाही, दर्शे म्हणायचा. हॉस्पिटलात शेवटचं बोलला ते, दर्शे, आईला जेवायला घाल.

दुपार

पेंडिंग वाढलं. नाचाच्या तुकड्यातही आता —

आईचा अजून वाचला नाही. थांबवू का? नको. एवढं झाल्यावर थांबवून काय —

चैतन्य. भुवईवर खूण. उजव्या. वर डाव्या लिहिलंय. वडापावचं वाचलं. वाचलंच नुसतं, डोळ्यांपुढे काही येत नाही.

मला काय म्हणायचा? ताईच म्हणत असेल.

भीती वाटते. कोणीतरी माझ्या हातातून हळूच आपला हात सोडवून घेतंय आणि मी कितीही घट्ट —

नंतर

लॉगमध्ये आलं. वाचला!

आईचा फोन. बोलत नाही, नुसती ओरडतेय, एकच नाव. आठवलं तिला. आठवलं गं आई, तुझा — आपला —

सोमवार, १ डिसेंबर

एक नंबर डिस्क आणखी झिजू नये म्हणून बंद केली. या कामात दोन रात्री गाळ्यावरच गेल्या, आज ती काढून ठेवली. लॉग स्वच्छ आहे.

दुपारी आई गाळ्यावर आली. भांडुपहून एकटी, डोळे सुजलेले. मला घट्ट धरून म्हणाली, दर्शना, आपला चैतन्य गेला गं. मी तिला बसवलं, पाणी दिलं. प्रेमानं समजावलं की आई, मी एकटीच तुला, मला भाऊ कधी नव्हताच.

ती रडायची थांबली. काका भिंतीकडे तोंड करून उभे आहेत.

मागची पानं चाळली. अक्षर माझंच आहे. वाचताना डोळ्यांतून पाणी येतंय, थांबत नाही, आणि का ते मला —

आई समोर बसून मी लिहितेय ते बघतेय. आत्ता माझ्या हातावर हात ठेवून विचारतेय, दोघी मिळून रडायचो गं आपण, आता मी त्याच्याबद्दल कोणाजवळ —